तोफेवरची पांढरी रेघ

"यंदाही बादलीच," इल्दा म्हणाली आणि हातातली टोपी तिने बाकावर आपटली. "तिसरं वर्ष, पप्पा. बघ तूच."

शस्त्रागाराच्या दारावर सार्जंट ऑर्विल सिसनने तोफेवरच्या सात जणांची यादी चिकटवली होती. बारीक, सरळ अक्षर, कुठे खाडाखोड नाही. शेवटच्या ओळीत 'बादली – पाशेको' असं लिहिलं होतं. मधल्या ओळीत, 'कान' या शब्दापुढे, त्याने सलग तिसऱ्या वर्षी स्वतःचं नाव टाकलं होतं.

तोफ भरण्याआधी तिच्या नळीत ओला बोळा फिरवतात. तेवढा वेळ एकाने मागे उभं राहून, अंगठ्याला चामड्याची टोपी चढवून, तोफेचा कान दाबून धरायचा असतो. कान म्हणजे बत्ती द्यायचं भोक. त्यातून वारा आत गेला आणि आत एखादी ठिणगी उरलेली असली, तर तोंडाशी दारू ठासायचा दट्ट्या घेऊन उभा असलेल्याचा हात जातो. म्हणून कान धरणारा माणूस सगळ्यांच्या भरवशाचा लागतो. माझ्या मुलीने दोन वर्षं तो धरला होता, आणि मग काही कारण न सांगता तिच्या हातात आग विझवायच्या पाण्याची बादली आली.

"मी आजच विचारतो त्याला," मी म्हणालो.

"तीन वर्षं विचारतोयस तू. घरी. जेवताना. मला."

हे खरं होतं.

मी जर्मानो पाशेको. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, हॅलेट्स पॉइंटला, बंदराच्या कोपऱ्यावर माझी बेकरी आहे. गावातल्या हौशी सैनिकांची एक जुनी तुकडी आहे, तिला आम्ही कंपनी म्हणतो; तिचा चिटणीसही गेली चौदा वर्षं मीच आहे, कारण ते काम दुसऱ्या कोणालाच नको असतं. आमच्या गावात आडनावं दोनच प्रकारची. चर्चच्या आवारातल्या जुन्या थडग्यांवर कोरलेली ती एक, आणि उरलेली सगळी दुसरी. सिसन पहिल्या प्रकारचे, आम्ही दुसऱ्या. आमच्या आजोबांची गलबतं पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आली ती मासे धरायला आली, बंदुका धरायला नाही, असं मला कंपनीत घेताना एकाने तोंडावर म्हटलं होतं. तेव्हा इल्दाच्या हातात बादली कशी आली हे मला वेगळं सांगावं लागत नव्हतं. ती बोटींची इंजिनं दुरुस्त करते, तोफेवर उभी राहिलेली पहिली बाई आहे, आणि त्यातून पाशेको आहे. मला वाटलं, दोन वर्षं म्हाताऱ्याने कसंबसं सहन केलं आणि मग पोटातलं ओठावर आलं.

आमची कंपनी इंग्लंडच्या राजाच्या सनदेने सुरू झाली, तीस वर्षांनी त्याच राजाच्या नातवावर बंदुका रोखून उभी राहिली, आणि तेव्हापासून तिने फारसं काही केलेलं नाही. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आम्ही निळे कोट घालून जमतो. हजेरी होते, अधिकारी निवडले जातात, आणि बरोबर बारा वाजता तोफ उडते. मग शिंपल्यांचं सूप पितो आणि घरी जातो. पण ती तोफ म्हणजे नुसती गंमत नाही. शस्त्रागाराची दगडी इमारत आमची असली तरी खालची जमीन गावाची आहे. दीडशे वर्षांपूर्वी ती देताना गावाने कागदात एक अट घातली होती: दर वर्षी हजेरीच्या दिवशी, भर दुपारी, कंपनीने आपल्या अंगणातून आपली तोफ उडवली पाहिजे. एक वर्ष चुकलं की जमीन परत, आणि वरच्या दगडांसकट परत. गेली सहा वर्षं गावाला ती जागा हवी आहे. तिथे पर्यटकांसाठी माहिती केंद्र आणि चार संडास होणार आहेत. त्यामुळे दर वर्षी बारा वाजता गावाचे वकील बुलक घडीची खुर्ची टाकून अंगणात बसतात आणि घड्याळ हातात धरतात.

त्या शनिवारी सकाळी सात वाजता खाडीवर धुकं होतं. मी हजेरीचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काही लिहायचं नव्हतं. इल्दा तोफ पुसायला अंगणात गेली. बादलीवाल्याला तेही करावं लागतं.

ऑर्विल सिसन सत्तरीचा आहे. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली. शस्त्रागारासमोरच्या घरात जन्मला, तिथेच राहिला. त्याच्या आधी त्याचे वडील शस्त्रागार सांभाळत. दर शुक्रवारी दुपारी चारला तो किल्ली घेऊन रस्ता ओलांडायचा, भिंतीवरच्या बंदुकांना तेल द्यायचा आणि मग मर्सीपाशी स्टूल ओढून बसायचा. मर्सी ही आमची पितळी तोफ. पूर्वी दोन होत्या. दुसरी, पेशन्स, बेचाळीस साली युद्धासाठी वितळवायला दिली. ती गाडीवर चढवताना बारा वर्षांचा ऑर्विल फाटकात उभा होता म्हणे. तो स्वतः त्या दिवसाबद्दल कधी बोललेला नाही. त्याच्या बायकोचं, युनिसचं, दफन शुक्रवारी सकाळी झालं. चारला मी पाव पोचवायला गेलो, तर हा फडकं घेऊन तोफेपाशी बसलेला. लोक म्हणाले, दगडाच्या काळजाचा आहे. मीही म्हणालो.

बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या शुक्रवारी त्याने माझ्या हातात तेच फडकं दिलं होतं. तासभर घासून माझे खांदे भरून आले. त्याने चष्मा नाकावर ओढला, वाकून पाहिलं आणि कानाच्या पुढे बोट ठेवलं.

"पाशेको, रेघ राहिली."

केसाएवढी पांढरी रेघ होती, बोटभर लांब. पितळेवर पॉलिश वाळलं की खाचाखोचांत असं पांढरं उरतंच. मी ती पुसली. पुढच्या शुक्रवारी ती परत तिथेच. माझ्यानंतर जो जो कंपनीत आला त्याने त्या रेघेपायी बोलणी खाल्ली आहेत. पुढे पुढे ते आमच्यात बोलण्यातच आलं. कोणाच्या मिशीला बिअरचा फेस राहिला, कोणी दाढी नीट केली नाही, की कोणीतरी ऑर्विलचा घोगरा आवाज काढून म्हणायचा, "रेघ राहिली."

"पप्पा, बाहेर ये जरा," इल्दाने दारातून हाक मारली. तिचा आवाज मला आवडला नाही.

अंगणात तिने तोफेच्या पाठीवर खडू फासला होता. रॉकेलचा वास येत होता. पांढऱ्या खडूवर एक काळी, ओली रेघ उमटली होती. कानापासून निघून ती पुढे वीतभर गेली होती आणि मग खाली वळली होती.

"मी तीनदा पुसली. तीनदा पांढरी परत आली," ती म्हणाली. "मग गाडीतून रॉकेल आणलं. इंजिनाला तडा गेलाय का हे आम्ही असंच बघतो. रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं, वर खडू लावायचा. आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं." तिने बोट रेघेवरून फिरवलं, पण टेकवलं नाही. "ही पॉलिशची रेघ नाहीये. ही कधीच पॉलिशची नव्हती."

मी खाली वाकलो. मला काय दिसणार होतं? मला दिसला तो कानामागचा दोन पावलांचा जमिनीचा तुकडा, जिथे माझी मुलगी दोन वर्षं अंगठा दाबून उभी होती.

आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. ऑर्विल खिडकीपाशी बसून दारू भरायच्या कापडी पिशव्या शिवत होता. कोट खुंटीला, बाह्या दुमडलेल्या.

"सार्जंट, तोफेला तडा गेलाय," इल्दा म्हणाली.

त्याची सुई थांबली नाही. "रॉकेल?"

"रॉकेल आणि खडू."

"मीही तसंच पाहिलं. बसच्या इंजिनांना हेच करायचो." त्याने दोरा दाताने तोडला. "फेब्रुवारीत दोन वर्षं झाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षांत मी त्या माणसासमोर आवाज चढवला नव्हता. "दोन वर्षं? आणि त्यानंतर दोनदा उडवलीत तुम्ही ती? माणसं भोवती उभी करून? माझी मुलगी तिथे—"

"तुझी मुलगी बादलीवर होती," ऑर्विल म्हणाला. "बादली चाळीस पावलं मागे असते."

इल्दा माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती.

"फुटली तर कानापासून फुटणार," तो पुढे म्हणाला. "तिथे कोणाला तरी उभं राहावंच लागतं. मी राहतो."

तीन वर्षं मी जेवणाच्या टेबलावर या माणसाला काय काय म्हटलं होतं ते मला एकेक करून आठवलं. मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून राग गेला असं नाही.

"आणि बाकीचे पाच जण? त्यांना बायकापोरं नाहीत?"

"दारू निम्मी केली. गेल्या वर्षी त्याच्याही निम्मी. तुम्हीच हसलात ना सगळे?"

हसलो होतो. गेल्या वर्षी मर्सी उडली ती खोकल्यासारखी. अंगणात कोणीतरी ओरडलं होतं, "ऑर्विल, तिला काढा दे," आणि मी सगळ्यात मोठ्याने हसलो होतो.

"सांगायचं तरी," मी म्हणालो.

"कोणाला? सांगितलं की तोफ बंद. तोफ बंद की बारा वाजता बुलक किल्ली मागणार." त्याने शिवलेली पिशवी गुडघ्यावर ठेवून तळव्याने सपाट केली. मग पुन्हा एकदा केली. "ती रेघ मला माझ्या वडिलांनी दाखवली होती, पाशेको. पूस म्हणाले. मी पुसली. मग मी तुला म्हटलं, पूस. तू पुसलीस. पन्नास वर्षं आपण तडा पुसतोय, आणि ज्याने नीट पुसला नाही त्याला शिव्या देतोय. हे मी कोणाला कसं सांगू?"

इल्दा त्याच्यासमोरच्या खोक्यावर बसली. "मला सांगायचं," ती म्हणाली. "मला वाटत होतं माझा अंगठा वाईट आहे."

"तुझा अंगठा चांगला आहे," ऑर्विल म्हणाला. "म्हणूनच."

कर्नल थर्स्टन साडेनऊला आले. कर्नल म्हणजे आठवडाभर दात उपटणारे आणि एक दिवस तलवार बांधणारे. त्यांनी बोस्टनहून पाहुणे बोलावले होते आणि गेल्या वर्षीचा खोकला त्यांच्या मनाला फार लागला होता.

"ऑर्विल, यंदा पूर्ण बार," ते दारातूनच म्हणाले. "खिडक्या हलल्या पाहिजेत. पिशवी मी स्वतः बघणार आहे."

ऑर्विलने माझ्याकडे पाहिलं. मी इल्दाकडे पाहिलं. कर्नलना अंगणात नेऊन तिने खडूवरची रेघ दाखवली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. कर्नल वाकले. त्यांनी करंगळीचं नख तड्यावरून पुढे नेलं, मागे आणलं, एके ठिकाणी टोचून पाहिलं. किडकी दाढ तपासावी तसे ते पाहत होते. सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"आपल्या चौघांना," मी म्हणालो.

कर्नल फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. त्यांच्या वडिलांचं चित्र आत भिंतीवर आहे, आजोबांचंही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती, आणि त्या क्षणी मला त्यांची कीव आली. ती फार टिकली नाही.

"मी काही पाहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "खडू पुसा. आज जमेल तसा बार काढा. आजचं निभलं की पुढच्या वर्षी तोफेवर नवी तरुण माणसं घेऊ, आणि पूर्ण बार भरू. एवढ्या वर्षांत फुटली नाही ती आता काय फुटते? ऑर्विल, तुझं वय झालं, तू भित्रा झालायस."

ऑर्विलने रुमालाने खडू पुसला. मग तो मागच्या खोलीत गेला आणि हत्यारांची पेटी उघडल्याचा आवाज आला.

साडेनऊपासून बारापर्यंतचे अडीच तास मला अडीच दिवसांचे झाले. हजेरी मी एकदा चुकीची घेतली, मेलेल्या माणसाचं नाव वाचलं. निवडणुकीत कर्नलच पुन्हा कर्नल झाले. बायका सुपाची पातेली घेऊन आल्या, मक्याची धिरडी आली, माझे पाव कापले गेले. धुकं वर गेलं आणि दोनअडीचशे माणसं कुंपणाशी जमली. वकील बुलक आले, त्यांनी खुर्ची उघडली, आणि मला म्हणाले, "पाशेको, गोड पाव ठेवलास ना माझ्यासाठी?" माणूस वाईट नाही. मी मान हलवली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

बाराला दहा कमी असताना सात जण तोफेभोवती उभे राहिले. ऑर्विल पुढे आला.

"तोफेवरचे, मागे फिर," तो म्हणाला. "कुंपणापलीकडे."

कोणी हललं नाही. या कंपनीत तोफेवरचा माणूस तोफ सोडत नाही. इतक्या वर्षांत कोणी सोडलेली नाही. दट्ट्यावाला कर्नलकडे बघू लागला. कर्नल आपल्या पाहुण्यांना खाडी दाखवत होते.

"ऐकलं ना?" ऑर्विल म्हणाला. "मी एकटा भरणार आहे."

पाच जण कुरकुरत मागे गेले. कुंपणाशी कुजबुज सुरू झाली. इल्दाने बादली खाली ठेवली, खांद्यावरून बोटीच्या दोरखंडाचं वेटोळं उतरवलं, त्याचं एक टोक बत्तीच्या चापाला बांधलं आणि बाकीचा दोर अंगणभर मागे सोडत नेला. मग ती परत तोफेपाशी आली. ऑर्विलच्या पट्ट्यात खोचलेली चामड्याची टोपी तिने काढून घेतली आणि अंगठ्यावर चढवली.

"पहिलाच बार आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आत ठिणगी कुठून येणार? गरज नाही."

"भरताना कान धरायचा असतो," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

ऑर्विलने अंगणापलीकडून माझ्याकडे पाहिलं. मला ओरडता आलं असतं. चिटणीस म्हणून नाही तर बाप म्हणून, तिला दंडाला धरून ओढत आणता आलं असतं. मी तिथेच उभा राहिलो. का, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.

तिने कान दाबला. त्याने ओला बोळा फिरवला, मग कोरडा. पिशवी आत सारली. ती अंड्याहून मोठी नव्हती. दट्ट्याने हलकेच दाबली. मग दोघं शेजारीशेजारी, घाई न करता, दोराच्या टोकापर्यंत चालत आले. बुलकनी घड्याळ वर धरलं. चर्चचा पहिला टोला पडला आणि ऑर्विलने दोर ओढला.

फट् असा आवाज झाला. फुगा फुटावा एवढा. तोफेच्या तोंडातून पांढरा धूर निघाला, थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि विरला. मर्सी जागच्या जागी होती. माझी मुलगी जागच्या जागी होती. मी श्वास सोडला तो बहुतेक सगळ्यांना ऐकू गेला असेल, कारण दुसरा कसला आवाजच नव्हता.

मग लोक हसले. कर्नलचे पाहुणेही हसले. "ऑर्विल, घरी जा आणि कॉफी-दूध पी," कोणीतरी ओरडलं. "दुपारची झोप घे." ऑर्विल दोन्ही हात बाजूला घट्ट धरून सरळ उभा होता. हसणं संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"याला तोफ उडाली म्हणायचं?" बुलकनी मला विचारलं.

"किती जोरात, ते कागदात लिहिलेलं नाही," मी म्हणालो. मी पुस्तकात लिहिलं: दुपारी बारा, तोफ उडवली. बुलकनी ते दोनदा वाचलं, तोफेकडे पाहिलं, कुंपणापाशी उभ्या असलेल्या त्या पाच जणांकडे पाहिलं, आणि माझ्या पेन्सिलीनेच खाली सही केली.

कर्नल भाषणाला उभे राहिले होते. "पुढच्या वर्षी," ते म्हणत होते, "पुढच्या वर्षी या तोफेचा आवाज—"

ऑर्विल तोफेपाशी गेला. खिशातून त्याने एक लोखंडी खिळा काढला, बोटभर लांब, आणि पट्ट्यामागून हातोडी. खिळ्याचं टोक त्याने कानात ठेवलं. पहिला घाव बसला तेव्हा कर्नल थांबले. दुसरा बसला तेव्हा हसणारेही थांबले. तिसऱ्या घावाला खिळा पितळेबरोबर सपाट झाला.

तोफांच्या कानात खिळे कधी मारतात हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तोफ सोडून पळावं लागलं आणि ती शत्रूच्या हाती पडणार असली, की गोलंदाज शेवटचं काम ते करतो. भर दुपारी, आपल्याच अंगणात, सुपाची पातेली उकळत असताना ते कोणी पाहिलं नव्हतं.

"काय केलंस हे?" कर्नल म्हणाले. "वेड लागलं का तुला? पुढच्या वर्षी काय उडवायचं आम्ही?"

"तिला तडा गेलाय," ऑर्विल म्हणाला. आता तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. "फार जुना तडा आहे. मला पन्नास वर्षं दिसत होता आणि कळला दोन वर्षांपूर्वी. कळल्यावरही मी दोनदा उडवली, तुमच्यातल्या पाच जणांना जवळ उभं करून. आज तिसऱ्यांदा. ते चुकलं माझं." तो थोडा थांबला. "आता ती कोणालाच उडवता येणार नाही. तुमच्याकडे एक वर्ष आहे."

दट्ट्यावाला पुढे आला, त्याने तोफेवर वाकून पाहिलं आणि बराच वेळ तो वर उठला नाही. मग त्याने ऑर्विलकडे पाहिलं आणि जमिनीवर थुंकून निघून गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

ऑर्विलने शस्त्रागाराची किल्ली काढली. मला वाटलं कर्नलना देईल, किंवा मला. त्याने ती इल्दाच्या तळव्यावर ठेवली. तिच्या अंगठ्यावर ती चामड्याची टोपी अजून तशीच होती.

"तोफेच्या आत पोलादी नळी बसवता येते, सार्जंट," ती म्हणाली. "खिळा मी बाहेर काढू शकेन. बघते मी."

"बघ," तो म्हणाला, आणि कोटाची बटणं लावून रस्ता ओलांडून घरी गेला. सूप त्याने घेतलं नाही. यंदा खूप सूप उरलं.

तोफेत नळी बसवायची की नाही, यावर समिती नेमली गेली आहे, म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. कर्नल ऑर्विलशी बोलत नाहीत. मीही आठवडाभर बोललो नाही. रोज पीठ मळताना मी त्याला मनातल्या मनात एकदा शिव्या द्यायचो आणि एकदा माफी मागायचो, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. पुढच्या शुक्रवारी दुपारी एक पाव कागदात गुंडाळून मी शस्त्रागाराकडे निघालो. चारला पाच मिनिटं होती. ऑर्विल पायरीवर बसला होता, हातात फडकं आणि पॉलिशचा डबा. किल्ली नव्हती, म्हणून तो वाट बघत होता.

इल्दा कामावरून तशीच आली, हात ग्रीसने काळे. तिने दार उघडलं. त्याने भिंतीवरच्या बंदुकांना तेल दिलं, मग स्टूल ओढलं आणि मर्सीपाशी बसला. मी पाव कापला आणि एक तुकडा त्याच्याजवळ ठेवला. त्याने तोंडापासून सुरुवात केली, नेहमीसारखी, लहान लहान गोल काढत मागे येत. पितळ उजळत गेलं. कानापाशी खिळ्याचं काळं डोकं होतं आणि त्याच्यापुढे ती रेघ, वाळलेल्या पॉलिशने भरलेली, पांढरी, वीतभर लांब. जुन्या सवयीने माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते.

फडकं रेघेपाशी आलं, थांबलं, आणि तिला वळसा घालून पुढे गेलं.